आधी कोणाचं होतं?

संपत्तीचा मोह ज्यांना कधी शिवला नाही, अशी माणसं या पृथ्वीतलावर विरळा; एस्तेरबाई साळवे त्यांतल्या एक होत्या. हे वाक्य मी बाईंच्या शोकसभेसाठी कागदावर लिहून नेलं होतं. आयत्या वेळी वाचलं नाही. पहिल्याच रांगेत त्यांची सून बसली होती, तिच्या हातात बाईंच्या बांगड्या होत्या आणि त्या भरीव सोन्याच्या होत्या.

बाईंना सोनं आवडायचं. सकाळी पेपर आला की आधी सोन्याचा भाव, मग जगाच्या बातम्या. दर नाताळाच्या आधी त्या सराफ्यात जात आणि चिमूटभर सोनं घेऊन येत. बांगड्या व्हायला त्यांची नोकरीची सगळी वर्षं लागली. घडवून हातात घातल्या त्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी हात टेबलावर ठेवला आणि आम्हाला नीट बघू दिलं. मी काहीतरी मोहमायेवर बोललो. त्या म्हणाल्या, "पैसा वाईट नसतो, इतिहासवाले. तो पळत आला की वाईट."

मी इतिहास शिकवायचो म्हणून त्या मला इतिहासवाले म्हणत. त्या गणित शिकवायच्या. बऱ्हाणपुरातल्या आमच्या शाळेत घरी मराठी बोलणारी आणि वर्गात हिंदी लिहिणारी मुलं निम्म्याहून जास्त. काही त्यांना बाई म्हणत, काही बहनजी. त्या दोन्हींना ओ देत आणि चुकलेल्या गणिताला दोन्ही भाषांत सारख्याच बोलत. शिक्षक म्हणून त्या प्रेमळ होत्या असं कोणी म्हणणार नाही. खडूचा तुकडा नखाएवढा होईपर्यंत वापरत आणि मुलांनीही तसाच वापरावा असा त्यांचा आग्रह असे. कोथिंबिरीच्या जुडीवरून त्यांनी लोधीपुऱ्यातल्या एका भाजीवालीशी घातलेला वाद माझ्या माहितीप्रमाणे कधीच मिटला नाही.

त्यांच्या बोलण्यात एक राजा वारंवार यायचा. "आमचा राजा सांगून गेलाय," असं त्या म्हणत. हा राजा म्हणजे बायबलमधला शलमोन. घाईने जमवलेल्या संपत्तीबद्दल त्याने बरंच लिहून ठेवलं आहे, एवढं त्या सांगत. नेमकं काय ते कधी म्हणून दाखवत नसत. प्रवचन हा त्यांचा प्रांत नव्हता. एकदा मी विचारलं की सोन्याच्या ताटात जेवणाऱ्या राजाने झटपट श्रीमंतीविरुद्ध बोलावं, यात काही गंमत नाही का. बाई पेपर तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हणूनच तर ऐकायचं. ज्याच्याकडे नाही तो बोलला तर लोक म्हणतात, मिळालं नाही म्हणून बोलतो. आणि त्याला तेच ते इतक्या वेळा लिहावं लागलं, म्हणजे त्याच्या गावातही कोणी ऐकत नसणार."

आणि दुसरी गोष्ट केळी. आमच्याकडे केळीला तोटा नाही. तापीच्या दोन्ही अंगांना बागाच बागा आहेत. पण गाडीवरचं पिवळंधमक केळं बाईंनी विकत घेतलेलं मी पाहिलं नाही. त्या हिरवा घड आणत, स्वयंपाकघराच्या खिडकीशी लोखंडी हुकाला सुतळीने टांगत आणि वाट बघत. केळी पिकवायची पुडी मिळते. ती घडाबरोबर झाकून ठेवली की रात्रीतून घड पिवळा होतो. तिच्यावर बंदी आहे, त्यामुळे ती मागावी लागते, समोर मांडलेली नसते. अशा केळाची साल सोन्यासारखी दिसते आणि दात लावला की आतून कच्चा बटाटा. बाईंचा घड आठ-दहा दिवस ढिम्म हिरवा असायचा आणि मग एकदम सगळाच पिकायचा. त्या दिवशी स्टाफरूममधल्या प्रत्येकाने केळी खायची असत, मधुमेह असणाऱ्यांनीही निदान अर्धं. सालीवर काळे ठिपके असत. आत मात्र साखर.

बाईंचा एक प्रश्न होता. कोणाकडे अचानक पैसा दिसला की त्या अगदी साध्या कुतूहलाने विचारत, "आधी कोणाचे होते?" हा प्रश्न ऐकून घाम फुटलेली माणसं मी पाहिली आहेत.

खेळ शिकवणारे तिवारी सर एकदा पेटीभर दराबा, म्हणजे आमच्याकडची रव्या-तुपाची मिठाई, घेऊन आले. त्यांनी मोबाइलवरच्या एका योजनेत पैसे टाकले होते आणि महिन्याभरात त्याचे दुप्पट झाले होते. त्यांनी स्क्रीन सगळ्यांना दाखवली. हॉटेलात झालेल्या कार्यक्रमाचे फोटोही दाखवले. फोटोत सूट घातलेला कोणीतरी तिवारी सरांच्या गळ्यात पट्टा घालत होता आणि पट्ट्यावर 'डायमंड' असं लिहिलं होतं. आमच्यातल्या दोघांनी नावनोंदणीसाठी मोबाइल बाहेर काढलेही होते. बाईंनी दराब्याचा घास घेतला आणि विचारलं, "आधी कोणाचे होते हे?"

तिवारी सर म्हणाले, "कंपनी के."

"कंपनीकडे कुठून आले?"

"मेंबर लोगों के, बाई. सिस्टिमच तशी आहे."

"तुमच्या खाली मेंबर कोण?"

तिवारी सरांनी आपल्या मेहुणीला मेंबर करून घेतलं होतं. ते सांगताना त्यांचा आवाज थोडा उतरला. बाईंनी उरलेला दराबा संपवला, बोटं पुसली आणि म्हणाल्या, "मग हा दराबा तुमच्या मेहुणीचा. छान आहे. त्यांना माझे आभार कळवा."

मोबाइल परत खिशात गेले. पुढे ती योजना एका सकाळी उघडेनाशी झाली. तिवारी सरांच्या घरी काय झालं असेल ते सांगायला नको. बाई त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. फक्त पुढच्या घडातली पहिली फणी त्यांनी तिवारी सरांच्या टेबलावर ठेवली, आणि तिवारी सरांनी ती मेहुणीकडे पाठवली.

आभार मानण्यात बाईंचा हात कोणी धरला नसता. शाळेला एका बड्या केळी व्यापाऱ्याने प्रवेशद्वार बांधून दिलं तेव्हा आभाराचं काम त्यांच्याकडे आलं. या व्यापाऱ्याने दोन हंगामांत कुठल्या कुठे मजल मारली होती. वजनाच्या वेळी तो काय करतो याबद्दल शेतकरी दबक्या आवाजात बोलत. दार संगमरवरी होतं. शाळेचं नाव बारीक अक्षरांत आणि त्याच्या वडिलांचं ठळक अक्षरांत होतं. शाल झाली, श्रीफळ झालं, दानशूर हा शब्द इतक्या वेळा झाला की पोरं मोजायला लागली. मग बाई उठल्या. माइक आपल्या उंचीवर आणला आणि म्हणाल्या, "हे दार ज्यांच्या ज्यांच्या पैशातून उभं राहिलं, त्या सर्वांचे मी शाळेतर्फे आभार मानते. त्यांची नावं माझ्याकडे नाहीत. शेटजींकडे असतील."

मग मागच्या बाजूला बसलेल्या पालकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि त्या बराच वेळ थांबल्या नाहीत. ते पालक बहुतेक शेतकरी होते. हेडमास्तरांना वाटलं कार्यक्रम फारच रंगला. शेटजींनीही टाळ्या वाजवल्या, इलाजच नव्हता. त्यानंतर आभार माझ्याकडे आले.

हे सगळं मी सांगतोय ते किशोर महाजनच्या बागेपर्यंत पोचण्यासाठी. बाई काय चीज होत्या ते मला तिथे कळलं.

तोवर आम्ही दोघंही निवृत्त झालो होतो. किशोर बाईंचा विद्यार्थी, त्याची बायको मनीषाही त्यांचीच विद्यार्थिनी. शाहपुरजवळ त्यांची केळीची बाग. बागेचा एक कोपरा खोलगट होता, पाणी साचायचं. शहरातल्या राजपुऱ्यात जुन्या दरवाज्याजवळ पाइपलाइनसाठी खोदकाम चाललं होतं, तिथली माती फुकट मिळत होती. किशोरने काही ट्रॉल्या आणून कोपरा भरून घेतला आणि त्यावर केळी लावली. वर्ष होत आलं, घड भरले. आणि निंदणी करताना एका मजूर बाईच्या हाताला मातीत एक गोल, जड, पिवळट वस्तू लागली.

बऱ्हाणपुरात जमिनीत पिवळं सापडलं की ते मोगल बादशहाचंच असतं. इतरांच्या गावात माती उकरली की दगड लागतात. आमच्या गावात अफवा लागते. फौजांनी इथे मोहरा पुरल्या हे प्रत्येकाला आजोबांनी सांगितलेलं असतं आणि प्रत्येकाच्या आजोबांना ती जागा जवळजवळ माहीत असते. त्या वस्तूचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत सगळीकडे पोचला. दुसऱ्या दिवशी बांधावर माणसं, हातात फावडी आणि घरातल्या पिठाच्या चाळण्या. किशोरने त्यांना हाकललं, बागेभोवती तार ओढली आणि आत स्वतः खणायला लागला.

मनीषा बाईंकडे आली तेव्हा मी तिथेच चहा पीत बसलो होतो. ती रडली नाही. तिने पदराने तोंड पुसलं आणि एका दमात सांगितलं. भरलेल्या झाडांचे बांबूचे टेकू त्याने काढून टाकले होते, खणायला मध्ये येतात म्हणून. ठिबकच्या नळ्या गुंडाळून ठेवल्या होत्या. झाडांना पाणी नव्हतं, मुळं उघडी पडली होती, आणि कापणी पंधरा-वीस दिवसांवर आली होती. एक जोराचा वारा आला असता तर सगळी बाग आडवी. भर घातलेला कोपरा खणून झाला, काही निघालं नाही, म्हणून तो आता शेजारच्या ओळीत शिरला होता. मोहरा खाली सरकल्या असतील असं त्याचं म्हणणं.

"पोटच्या पोरावाणी वाढवली बाई ती बाग," मनीषा म्हणाली. "आन् हा मुळापासून उकरून राह्यला. माझं ऐकतच नाही. म्हणतो, आता केळी विकायची गरजच नाही पडणार."

बाईंनी कप खाली ठेवला. "इतिहासवाले, तुमच्या स्कूटरमध्ये पेट्रोल आहे?"

त्यांनी घरातली लोखंडी घडीची खुर्ची बरोबर घेतली. ती मांडीवर आडवी धरून त्या माझ्या मागे बसल्या. शाहपुरच्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला खुर्चीचा पाय माझ्या बरगडीत लागत होता, आणि वाटेत त्या एवढंच बोलल्या, की दोघांनाही मीच शिकवलंय, म्हणजे कुठेतरी बेरीज माझीच चुकली असेल.

किशोर कंबरेएवढ्या खड्ड्यात होता. बाईंना पाहिल्यावर त्याने डोक्यावरचा रुमाल काढला आणि खड्ड्यातूनच नमस्कार केला. बाईंनी खुर्ची उघडली, जमिनीवर पक्की बसते का पाहिली आणि त्याच्यासमोर बसल्या. दोन्ही बाजूंना केळीची झाडं घडाच्या वजनाने वाकली होती. काही खाली आलेलीच होती. पानं कडेने करपायला लागली होती.

"चालू दे," बाई म्हणाल्या.

त्याने दोनतीनदा फावडं मारलं. मग थांबला. बाई समोर बसल्या की कोणाला काही करता येत नसे. वर्गातही बेरीज त्या बाकाजवळ येऊन उभ्या राहिल्या की हटकून चुकायची.

"कोणाचं होतं रे?" बाईंनी विचारलं.

"काय, बाई?"

"जे शोधतोस ते. आधी कोणाचं होतं?"

"बादशहाचं. फौजेचं."

"मग बादशहा परत न्यायला का नाही आला?"

किशोरने माझ्याकडे पाहिलं.

"मेला असंल," तो म्हणाला.

"घाईत लुटलं, घाईत पुरलं, घाईत पळाला. ज्याने पुरलं त्याच्या उपयोगी पडलं नाही, एवढं तर नक्की." बाईंनी चष्मा पुसला. "आणि ही केळी कोणाची?"

"आमचीच. मंजे काय बाई."

"आधी कोणाची होती?"

त्याने फावड्याला लागलेली माती नखाने खरवडली. हा प्रश्न त्याला अवघड जातोय हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. शेवटी म्हणाला, "कोणाचीच नाही. आमीच लावली. मी आन् मनीषाने."

"मग इथे एवढी एकच गोष्ट तुझी आहे किशोर, आणि तीच तू उपटतोस."

मला वाटलं, संपलं. आता तो खड्ड्यातून वर येईल, बाईंच्या पायाशी फावडं ठेवेल. किशोर म्हणाला, "फक्त दोन दिवस द्या, बाई. खालचा थर लागूनच राह्यला."

बाईंनी मान डोलावली. "खण. मी बसते."

आणि बसल्या. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बसल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आल्या. मी नेत होतो आणि आणत होतो. त्यांनी विणकाम बरोबर आणलं होतं. त्या काही बोलत नसत, त्याच्याकडे बघतही नसत. किशोर दहा वेळा फावडं उचलायचा आणि चार वेळा मारायचा. तारेखालून आत शिरायला माणसं यायचीच. चाळणी घेऊन बांधावर चढायची आणि समोर बाई दिसायच्या. ती सगळी बाईंची पोरं होती. चाळणी पाठीमागे लपवून एकजण म्हणाला की तो बकरीला पाला बघायला आला होता. बाईंनी त्याला विचारलं, "तुझा पाढा झाला का रे पाठ?" तो पन्नाशीचा होता. "नाही बाई," म्हणाला आणि आल्या वाटेने गेला.

मी आयुष्यभर सम्राटांचे वेढे शिकवले. एवढा मोठा वेढा एका बाईने खुर्चीवर बसून उठवलेला मी प्रत्यक्ष पाहिला, आणि तो शिकवायच्या पुस्तकात नाही.

तिसऱ्या की चौथ्या दुपारी वारा सुटला. फार नव्हता, पण शेवटच्या ओळीतलं एक झाड कडकन वाकलं आणि घडासकट खड्ड्याच्या तोंडाशी येऊन पडलं. मनीषा धावली. किशोर खड्ड्यात उभा राहून त्या घडाकडे बघत राहिला. त्यातून चीक ओघळत होता. मग त्याने फावडं वर फेकलं, हाताच्या रेट्याने बाहेर आला आणि बांबू गोळा करायला लागला. मनीषाने ठिबकच्या नळ्या सोडवल्या. दोघं अंधार पडेपर्यंत झाडांच्या बुंध्याशी माती ओढत होती.

बाईंनी विणकाम गुंडाळलं. त्या एवढंच म्हणाल्या, "तो टेकू तिरका लागलाय. सरळ कर."

त्या दोघांच्या डोळ्यांत पाणी होतं. बाईंच्या नव्हतं. त्यांनी खुर्ची घडी केली आणि माझ्या बरगड्यांच्या दिशेने निघाल्या.

बहुतेक बाग वाचली. कापणीला भाव बरा मिळाला, फार बरा नाही. ती पिवळट वस्तू किशोरने माझ्याकडे आणून दिली. मी चिंचेने घासली. तो पितळी बिल्ला निघाला, हमालाच्या दंडाला बांधतात तसा. वरचा आकडा झिजलेला. बाईंना दाखवला तेव्हा त्या कधी नव्हे त्या खूश झाल्या. "म्हणजे हे आधी कोणाचं होतं ते कळलं. कष्ट करणाऱ्याचं होतं," म्हणाल्या आणि तो बिल्ला त्यांनी बायबलवर ठेवून दिला, वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून.

त्यानंतर दर कापणीला किशोर एक हिरवा घड बाईंच्या घरी पोचवायचा. स्वतः हुकाला टांगायचा.

मी त्यांना शेवटचं पाहिलं तेव्हा त्या अंथरुणावर होत्या. खाट स्वयंपाकघराच्या दारात आणली होती, खिडकीशी टांगलेला घड दिसावा म्हणून. किशोर दोन दिवसांपूर्वीच लावून गेला होता. घड अगदी हिरवा होता. आवाज फार खोल गेला होता, म्हणून मी वाकलो.

"पिकला की सगळ्यांना द्या," त्या म्हणाल्या. "पिकला की. आधी नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे बाई गेल्या. घड तसाच हिरवा.

शोकसभा रविवारी चर्चच्या आवारात झाली. पाळकांनी शलमोन राजाचं थोडं वाचलं. तिवारी सर मेहुणीला घेऊन आले होते. शाहपुरहून दोन ट्रॉल्या भरून माणसं आली. मी माझा कागद खिशातच ठेवला. मग किशोर बोलायला उभा राहिला. त्याने खड्ड्याची गोष्ट सांगितली, काही न लपवता. म्हणाला, "बाईंनी मला एकच गोष्ट शिकवली. थांबायचं." तेवढं बोलून तो खाली बसला. बायका डोळे पुसत होत्या, पाळकांनी चष्मा काढला, आणि मला वाटलं की एका माणसाच्या आयुष्याचं यापेक्षा जास्त काय व्हायचं असतं.

मग किशोर आणि मनीषाने बाईंचा घड वाटला. पिवळाधमक, सालीवर एक डाग नाही. मी माझं केळं सोललं, चावा घेतला आणि दातांनी जे कळायचं ते कळलं. शेजारी तिवारी सरही चावायचे थांबले होते.

सभा संपल्यावर मी किशोरला बाजूला घेऊन विचारलं. तो ओशाळला वगैरे काही नाही.

"रविवारची सभा होती ना सर," तो म्हणाला. "घड हिरवाच होता. रात्री पुडी लावून झाकून ठेवला."